वाळवंटातल्या शिखरावर जाताय? मग निदान या चुका तरी करू नका

गेली बरीच वर्षं मित्रमंडळींबरोबर वाळवंटातले डोंगर चढतोय. दर मोसमात गटात दोन-तीन नवे भिडू येतात आणि दर मोसमात त्याच त्या चुका होतात. नवी चूक कोणी शोधून काढली असती तर निदान कौतुक तरी केलं असतं. बहुतेकींचं मूळ एकच: सगळे शिखरापर्यंतचा हिशेब करतात, गाडीपर्यंत परत येण्याचा कोणी करत नाही.

"गाडी दिसतेय, सरळ उतरू"

ही माझी सर्वांत नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

आम्ही सहा जण होतो. शिखरावर अकराला पोचायचं ठरलं होतं, पोचलो साडेबाराला. चढून आलो ती सोंड, म्हणजे शिखरापासून खाली उतरत जाणारी डोंगराची धार, लांबलचक, मोठा वळसा घेणारी. शिखराच्या बरोबर खालून मात्र एक घळ सुटली होती आणि तिच्या तोंडापलीकडे आमच्या गाडीची काच चमकत होती. एकाने हात करून दाखवलं, "ही बघ, नाकासमोर!" बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नकाशा माझ्याकडे होता. मी तो उघडलासुद्धा नाही. चला म्हणालो.

पहिला अर्धा तास मजेत गेला. सुट्या दगडगोट्यांच्या घसाऱ्यावरून टाचा रोवत धाडधाड उतरलो. मग पहिला कोरडा धबधबा लागला, माणूसभर उंचीचा. बसून घसरलो. दुसरा दोन पुरुष तरी उंच होता. आधी सॅक खाली सोडल्या, मग एकेक जण कातळाला पाठ घासत खाली आला. सात मिनिटांत सगळे खाली. तिथून वीस पावलांवर घळच संपली. पुढे पंधरा-वीस मीटरचा तुटलेला कडा. दोर कोणाकडेही नव्हता.

मागे वळलो तर तो मघाचा दोन पुरुषांचा टप्पा. पुराच्या पाण्याने घोटून घोटून गुळगुळीत केलेला कातळ, बोट अडकवायलाही खाच नाही. खाली येताना घसरणीनेच सगळं काम केलं होतं, वर जायचं काम आमचं होतं. घळीतले दगड गोळा करून त्याच्या पायथ्याशी ओटा रचत बसलो, दीड तास. मग ओट्यावर एक जण, त्याच्या खांद्यावर आमच्यातली सर्वांत हलकी मैत्रीण. ती वर पोचल्यावर सॅकचे पट्टे आणि जॅकेटं एकमेकांना बांधून एकेकाला ओढून घेतलं. सात मिनिटांची उतरण चढायला साडेतीन तास लागले. तिथून पुन्हा शिखर, पुन्हा तीच लांबलचक सोंड, तीही अंधारात, सहा जणांत दोन हेडटॉर्च. गाडीपाशी पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

घरी येऊन नकाशा उघडला. घळीच्या त्या टप्प्यावर कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, चांगल्या जवळ जवळ होत्या. त्या जितक्या जवळ तितका उतार तीव्र, बघणाऱ्याला दिसल्या असत्या. अर्थात त्या तशा नसत्या तरी भरवसा धरता आला नसता. दर वीस मीटर उंचीला एक रेषा काढलेल्या नकाशात पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपतो.

तेव्हापासून माझा नियम: जिथून परत चढता येईल याची खात्री नाही, तिथून उतरायचं नाही. पहिल्या धबधब्यालाच हा प्रश्न विचारायचा, तिसऱ्याला विचारून उपयोग नसतो.

याचीच धाकटी बहीण म्हणजे उतरताना चुकीची सोंड धरणं. चढताना सगळ्या सोंडा शिखराला येऊन मिळतात, त्यामुळे चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात. वर वीस पावलं चुकलात की खाली भलत्याच खोऱ्यात निघता. मी चढताना प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळतो आणि फोटो काढतो, कारण परतताना डोंगर त्या बाजूनेच दिसणार असतो. नवे भिडू हसतात. हसू देत. दुसऱ्यांनी रचलेल्या दगडांच्या खुणांवर मात्र मी जात नाही. त्या कोणी, कुठे जायला रचल्या कोणास ठाऊक. त्यातल्या काही तर वाट चुकलेल्यांनीच रचलेल्या असतात.

पाणी बाटल्यांत मोजणं

"पाणी किती घेतलंस?" "दोन बाटल्या." अरे, पण किती तासांसाठी?

उन्हात चढताना ताशी लिटरभर घाम सहज जातो. दमट हवेत तो अंगावरून निथळतो म्हणून कळतो. वाळवंटात तो येतो तसा उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो, आणि नव्या माणसाला वाटतं की आपल्याला घामच येत नाहीये. संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले की मग पटतं.

माझा हिशेब असा: थंडीच्या मोसमात ताशी अर्धा ते पाऊण लिटर, ऊन तापलेलं असेल तर ताशी एक. भर उन्हाळ्यात मी जातच नाही. दहा तासांची चाल म्हणजे सात लिटर आणि सात लिटर म्हणजे सात किलो. "एवढं वजन?" असं विचारणाऱ्याला मी छोटा डोंगर सुचवतो. निम्मं पाणी संपलं की परत फिरायचं, हा सल्लाही मला पटत नाही. सकाळच्या गारव्यात निम्मं पिणारा माणूस दुपारच्या उन्हात उरलेल्या निम्म्यावर उतरणार कसा? चाळीस टक्के संपलं की मी वळतो, मग शिखर समोर दिसत का असेना.

परतीसाठी वाटेत पाणी लपवून ठेवणं चांगलंच, पण परत त्याच वाटेने येणार असाल तरच. त्या दिवशी आम्ही घळीत दगड रचत होतो तेव्हा आमचं चार लिटर पाणी सोंडेवरच्या एका खडकामागे आरामात पडलं होतं. जवळचं पाणी सातच्या सुमारास संपलं. ते चार लिटर सापडायला रात्रीचे अकरा वाजले.

आता उलट टोक. भीतीपोटी काही जण नुसतं पाणी ढोसत राहतात आणि खात काहीच नाहीत. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. लक्षणं ऊन लागल्यासारखीच, म्हणून मित्र त्याला आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण चिघळतं. भरपूर पाणी प्यायलेला, लघवी पाण्यासारखी बिनरंगी होणारा माणूस मळमळतंय म्हणाला, तर पाणी थांबवा आणि खारट काहीतरी खायला द्या. आणि काहीही झालं तरी ताशी दीड लिटरच्या वर जाऊ नका. माणूस बरळायला किंवा झोकांड्या खायला लागला, तर मात्र कारण शोधत बसू नका. अंग तापलेलं असेल तर सावली, अंगावर पाणी, वारा, आणि ताबडतोब मदतीला संदेश. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं, तिथे मिनिटांचा खेळ असतो.

वाळवंट म्हणजे गरम, हा समज

अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत 1913 साली 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्याच खोऱ्याच्या कडेला सुमारे 3,366 मीटर उंचीचं टेलिस्कोप पीक उभं आहे आणि हिवाळ्यात त्यावर जायला आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळ) आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे अणकुचीदार दाते) लागतात. कोरडी हवा वर चढताना हजार मीटरला जवळपास दहा अंशांनी थंड होते. शिवाय रात्री आकाश निरभ्र, हवेत ओल नाही, दिवसाची उष्णता सूर्य मावळताच निघून जाते. हाफ पँटमध्ये आलेल्यांना मी सॅकमधला जास्तीचा स्वेटर देत नाही. बरं, एकदा दिला होता.

बाकीच्या, थोडक्यात

उशिरा निघणं. डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा 1892 सालचा नेस्मिथचा नियम सांगतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक. घसारा आणि काटेरी झुडपं असलेल्या डोंगरावर, तेही गप्पिष्ट मित्रांबरोबर, मी येईल त्या उत्तराची दीडपट करतो.

पुढे पळणारे वीर. मागचा पोचेपर्यंत हे बसून ताजेतवाने होतात, तो पोचला की उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. सर्वांत हळू चालणाऱ्याला मी पुढे ठेवतो. घसाऱ्यावर मात्र कोणीही दुसऱ्याच्या सरळ रेषेत खाली चालायचं नाही, वरून दगड सुटतात.

कोरड्या ओढ्यात मुक्काम. पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडतो आणि लोंढा तुमच्या तंबूत येतो.

फोन. नेटवर्क शोधत बसला की बॅटरी संपते. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं, नकाशा आधी उतरवून घ्या.

काट्यांसाठी कंगवा. अंगाला चिकटलेलं निवडुंगाचं बोंड हाताने काढायला गेलात की ते हातात रुततं. कंगव्याने उडवा, उरलेले काटे चिमट्याने.

घरी निरोप न ठेवणं. कुठे जातोय, कुठल्या सोंडेने, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे तिन्ही लिहून.

आणि गाडीची किल्ली. ती सर्वांत पुढे पळणाऱ्याच्या खिशात असते. एकदा अर्ध्या वाटेतून परत फिरलेला आमचा एक भिडू बंद गाडीच्या सावलीत, सावली सरकेल तसा सरकत, चार तास बसून होता. आत, काचेपलीकडे, दहा लिटर पाणी. आता किल्ली चाकामागच्या दगडाखाली असते आणि निघण्याआधी प्रत्येकाने तो दगड स्वतः उचलून बघायचा.