पूर्ण रिकव्हरीनंतर कोणत्या फाइली परत आल्या नाहीत, ते कसं शोधायचं

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तसं पुन्हा होईल, नाहीतर मेच्या अखेरीस वळवाच्या विजेने मदरबोर्ड जाईल. बॅकअपवरून सगळं परत आणलं की 'रिकव्हरी पूर्ण' असा संदेश येतो. बॅकअपमध्येच नसलेल्या फाइलींबद्दल हा संदेश काहीही सांगत नाही.

पहिलं काम म्हणजे रोज आपोआप होणारा बॅकअप बंद करणं. तो मिरर पद्धतीचा असेल तर संगणकावर न आलेली फाइल तो बॅकअपमधूनही पुसतो आणि शेवटची चांगली प्रत जाते. बॅकअप इमेजच्या, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या एकाच फाइलच्या स्वरूपात असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून 'रीड-ओन्ली'वर टिक करूनच जोडा. डिस्क मध्येच तुटत असेल तर यूएसबीचं टोक बघा. खाऱ्या हवेने पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

आता तुलना. रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या कमांडला आधी बॅकअपचं फोल्डर द्या, मग परत आणलेलं. पुढे स्लॅश ई, स्लॅश एल, स्लॅश एफपी, स्लॅश एनडीएल. 'एल' विसरू नका, तो नसेल तर यादी होण्याऐवजी थेट कॉपी सुरू होते. नोंदीसाठी 'लॉग' नको, 'युनिलॉग' वापरा. साध्या लॉगमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात आणि यादी वाया जाते. बॅकअप नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) किंवा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर असेल तर स्लॅश एफएफटी जोडा, नाहीतर दोन सेकंदांच्या फरकाने बऱ्याच फाइली उगाच वेगळ्या दिसतात.

यादीत 'न्यू फाइल' म्हणजे बॅकअपमध्ये आहे, संगणकावर आली नाही. 'चेंज्ड' म्हणजे वेळ तीच पण आकार वेगळा, बहुधा अर्धवट आलेली. या ओळी आधी तपासा. शून्य बाइटच्या फाइली दोन्हीकडे सारख्याच रिकाम्या असतील तर यादीत येत नाहीत, त्या एक्सप्लोररच्या शोधात 'साइझ:एम्प्टी' टाइप करून काढा.

फाइल बॅकअपमध्ये असूनही आली नाही, तर बहुतेकदा पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा मार्ग, लांबलेला असतो. विंडोजमध्ये अनेक प्रोग्रॅमना पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसावा लागतो. परत आणताना 'रिकव्हरी', मग तारीख, मग जुनं फोल्डर असे थर चढले की मर्यादा ओलांडते. डी ड्राइव्हवर एका अक्षराचं फोल्डर करून त्यात आणा.

फाइल बॅकअपमध्येच नसेल तर आपल्या लिपीकडे बघा. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक नॅसवर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. 'रत्नागिरी' डोळ्याला चार अक्षरं, पण ९ चिन्हं, २७ बाइट. म्हणजे नावात जेमतेम ८५ चिन्हं बसतात. 'सामाईक सातबारा वारस नोंद अर्ज' असं सुरू होऊन गाव, गट क्रमांक, तारीख जोडत लांबत गेलेलं नाव या मर्यादेबाहेर जाऊ शकतं. अशी नावं आखूड करा. फॅट३२ डिस्कवर ४ जीबीची फाइल मावत नाही, आणि बॅकअपच्या वेळी उघडं असलेलं टॅली किंवा आउटलुकची पीएसटी (ईमेल साठवणारी फाइल) सुटू शकते.

जे बॅकअपमध्ये कधी गेलंच नाही ते कोणतंही साधन दाखवणार नाही. त्यासाठी कागद काढा. पावतीपुस्तकाचा शेवटचा क्रमांक, हापूसच्या पेट्यांची छापील आवकवही, पाठवलेल्या ईमेलची जोडपत्रं, सीएकडे दिलेली टॅलीची प्रत. छापील तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि टॅलीतली तेरीज जुळवून बघा, फरक ज्या तारखेपासून सुरू होतो तिथून पुढच्या नोंदी हाताने भराव्या लागतील.

यादी रिकामी झाली की दुसऱ्या, नव्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा. रोजचा बॅकअप त्यानंतरच सुरू करा.