ग्रुप जोडण्याआधी ‘बे’चं ठरवा: सोलापुरातल्या नव्या अ‍ॅडमिनसाठी

निवडणूक दोन-तीन महिन्यांवर आली की सोलापुरात एक कल्पना हमखास डोकं वर काढते. प्रभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांचा ग्रुप, विद्यापीठातल्या पोरांचा ग्रुप, नोकरीसाठी पुण्यात गेलेल्या सोलापूरकरांचा ग्रुप, सगळे जोडून टाकू. विचार तर एकच आहे! विचार एक असतोही. वागण्याची रीत मात्र प्रत्येक ग्रुपची वेगळी असते, आणि महिन्याभरात भांडण लागतं ते रीतीवरून. गळ्यात पहिल्यांदाच अ‍ॅडमिनपद पडलेल्यांसाठी हे टिपण आहे. पक्ष कोणता का असेना, अडचणी त्याच येतात.

सोलापुरातलं सगळ्यात ठरलेलं भांडण ‘बे’वरून, म्हणजे ‘अरे’सारख्या सलगीच्या सोलापुरी हाकेवरून, होतं. “का बे, मीटिंगला आला नाहीस?” हे वाक्य गल्लीतल्या ग्रुपवर मायेचं आहे. तेच वाक्य ‘माउली’ म्हणून एकमेकांना हाक मारणाऱ्या पंढरपूरकडच्या ग्रुपवर, साठीच्या माणसाला उद्देशून पडलं की थोबाडीत बसल्यासारखं वाटतं. मग पुण्यात बसलेला एखादा अ‍ॅडमिन ते उडवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या जागी कोणत्या अ‍ॅडमिनने मेसेज काढला हे नावासकट दिसतं. लिहिणाऱ्याला आपलं काय चुकलं तेच कळत नाही, त्याचे चार दोस्त मुद्दाम दहा वेळा ‘बे’ लिहितात आणि संध्याकाळी तिसऱ्याच ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतो: ‘आपल्या माणसांना बोलू देत नाहीत.’ शब्द होता एक अक्षरी, आता दोन गट झाले.

म्हणून जोडण्याआधी एक काम करा. प्रत्येक ग्रुपवरचे शेवटचे २०० मेसेज दुसऱ्या ग्रुपच्या माणसाने बसून वाचायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. वाचताना एवढंच टिपायचं: लोक एकमेकांना काय म्हणून हाक मारतात; नमस्कार कोणता चालतो (जय भीम, जय शिवराय, राम कृष्ण हरी, सलाम, लाल सलाम); कोणत्या भाषा येतात; फॉरवर्ड किती आणि स्वतः लिहिलेलं किती; अ‍ॅडमिनने काय काढलं आणि काय सोडून दिलं. शेवटची नोंद सगळ्यात मोलाची, कारण ग्रुपचे खरे नियम वर चिकटवलेल्या नियमावलीत सापडत नाहीत. अ‍ॅडमिन कशाकडे काणाडोळा करतो त्यात ते असतात.

आणखी एक टिपा: भांडण लागलं की विझवतं कोण? बहुतेक वेळा तो अ‍ॅडमिन नसतो. एखादे निवृत्त मास्तर असतात, एखादी बिडी कामगार ताई असते, जी दोन वाक्यांत दोघांना गप्प करते. जोडणी करताना अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन बसून सगळं ठरवतात आणि हीच माणसं विसरतात. त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा.

भाषेचं वेगळं सांगायला हवं. पूर्व भागातल्या ग्रुपवर तेलुगू असते, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात दखनी-उर्दू, आणि बरंचसं व्हॉइस नोटमधून. दोन मिनिटांची तेलुगू व्हॉइस नोट मराठी अ‍ॅडमिनला तपासता येत नाही. मग तो एक तर सगळं चालू देतो, नाहीतर संशयाने काढतो. दोन्ही वाईट. ‘फक्त मराठीत बोला’ हा नियम तर करूच नका. या शहरात तो नियम म्हणजे निम्म्या लोकांना दार दाखवणं आहे. त्यापेक्षा व्हॉइस नोट एका मिनिटाची, खाली विषय काय ते मराठीत एका ओळीत, आणि ग्रुपवर जेवढ्या भाषा तेवढ्या भाषा समजणारे अ‍ॅडमिन. तेलुगू समजणारा एकही अ‍ॅडमिन नसेल तर तो ग्रुप अजून जोडू नका.

नमस्काराचं मात्र झटपट उरका. शब्दातला कोणताही नमस्कार चालेल, फुलांची-देवांची-नेत्यांची चित्रं सकाळी नऊपर्यंत एकदाच. कोणाचा नमस्कार आधी आणि कोणाचा नंतर यावर चर्चा सुरू झाली की ती थांबत नाही.

आता यंत्राकडे वळू. व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र येण्याचे दोन मार्ग आहेत: सगळे सभासद एका ग्रुपमध्ये घालणं, किंवा ग्रुप जागच्या जागी ठेवून एका कम्युनिटीखाली, म्हणजे सामायिक सूचनांची जागा असलेल्या छत्रीखाली, जोडणं. पहिला मार्ग बहुतेक वेळा गणितातच अडतो, कारण ग्रुपची मर्यादा १०२४ सभासदांची आहे. ७०० आणि ५०० चे ग्रुप एकात मावत नाहीत, मग ‘कोणाला गाळायचं’ या प्रश्नाने संसाराची सुरुवात होते. कम्युनिटी बरी; पण तिच्यातलं एक बटण नीट समजून घ्या. कम्युनिटीच्या अ‍ॅडमिनने एखाद्याला कम्युनिटीतून काढलं की तो जोडलेल्या सगळ्या ग्रुपमधून एकदम बाहेर जातो. चार वर्षं प्रभागाच्या ग्रुपवर असलेला माणूस, दुसऱ्याच ग्रुपवरच्या वादामुळे, स्वतःच्या गल्लीच्या ग्रुपमधूनही गायब होतो. त्याच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला हे काढलेल्या माणसाचा फोन आल्यावरच कळतं! जोडण्या मोडतात त्या जास्त करून इथे. त्यामुळे कम्युनिटीचे अ‍ॅडमिन प्रत्येक ग्रुपमागे एकच, आणि कोणालाही कम्युनिटीतून काढायचं तर त्याच्या मूळ ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा लेखी होकार हवा. मेसेज काढण्याचा हक्कही ज्या त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडेच ठेवा. दुसऱ्या ग्रुपचा अ‍ॅडमिन फार तर ‘हे बघता का’ म्हणू शकतो.

दुसरी अडचण शिक्षेची. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच माणसाला काही तास गप्प बसवण्याची सोय नाही. एक तर सगळ्या ग्रुपला कुलूप लावा (फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं करा), नाहीतर त्याला काढा, आणि काढल्याचं सगळ्यांना दिसतं. सोलापुरात गल्लीसमोर काढलं जाणं ही मोठी नाचक्की आहे. माणूस परत येतो तो डूख धरून. म्हणून आधी खासगीत सांगणं, मग ग्रुपवर नाव न घेता सूचना, मग खासगीत शेवटची समज, आणि त्यानंतरच काढणं. टेलिग्रामवर हे जरा सोपं आहे: एकट्याचं लिहिणं ठरावीक वेळ बंद करता येतं, दोन मेसेजमधलं अंतर एक तासापर्यंत वाढवता येतं, आणि कोणत्या अ‍ॅडमिनने काय केलं याची नोंद ४८ तास दिसते. पण गिरणगावातल्या काकांना टेलिग्रामवर आणायचं कोण? अवघड चर्चेसाठी टेलिग्राम, बाकी व्हॉट्सअ‍ॅप, अशी वाटणी पोरांच्या ग्रुपमध्ये चालते, इतरांत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर अशी नोंद मिळत नाही, तेव्हा ती स्वतः ठेवायची. एक साधी शीट पुरते. एक ओळ अशी दिसते:

‘१४ तारीख, रात्री ११.४०. प्रभाग ग्रुप. उजनीच्या पाण्याचा व्हिडिओ, तारीख नाही. नियम ४. काढला: स. क. कळवलं: हो. हरकत: नाही.’

पूर्ण नाव आणि फोन नंबर शीटमध्ये नकोत, कारण ही शीट कधीतरी बाहेर जाणारच असं धरून चालायचं. काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. काही बहाद्दर आधी साधं वाक्य टाकून अंगठे गोळा करतात आणि मग ते बदलतात. स्क्रीनशॉट नसेल तर नंतर ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ यावर दोन दिवस जातात.

काढल्यावर त्या माणसाला लगेच कळवायचं, आणि भाषा सरकारी नको. ‘आपला संदेश धोरणाचे उल्लंघन करीत असल्याने’ असं वाचलं की माणूस आणखी पेटतो. असं लिहा: “काका, तुमचा ११.४० चा व्हिडिओ काढलाय. तो यंदाचा की जुना ते कळत नाही. तारीख आणि ठिकाण टाकून परत पाठवा, राहू देतो.” पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात पाण्याचा जुना व्हिडिओ हा राजकीय मजकूरच असतो, तेव्हा तारीख मागण्यात कोणाला गैर वाटत नाही. तो व्हिडिओ खोटा आहे असं मात्र म्हणायचं नाही. खोटा की खरा हे ठरवायला बसलात तर अ‍ॅडमिन राहणार नाही, पंच व्हाल.

हरकत आली तर तिघांनी ऐकायची: दोन्ही ग्रुपचा एकेक आणि तिसरा दोन्हींत नसलेला. ज्याने मेसेज काढला तो या तिघांत नसावा. मुदत ४८ तास. तोवर मेसेज काढलेलाच राहील, माणूस मात्र ग्रुपवर राहील.

कोणते ग्रुप जोडायचे, हेही नकाशा बघून ठरवा. ‘जिल्ह्याचा एकच’ हे ऐकायला छान वाटतं. सोलापूर जिल्ह्यात तालुके ११ आणि विधानसभेच्या जागाही ११, पण त्या एकास एक नाहीत. मंगळवेढा पंढरपूरच्या मतदारसंघात जातो. लोकसभेला तर जिल्हा तीन ठिकाणी विभागला जातो. शहराच्या दोन जागा, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर या सोलापूर मतदारसंघात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस या माढ्यात, साताऱ्याकडच्या फलटण आणि माण यांच्यासोबत. बार्शी उस्मानाबादच्या मतदारसंघात. लोकसभेच्या वेळी बार्शीकराला सोलापूरच्या उमेदवाराची रोज २० पोस्टर्स मिळाली की तो गुपचूप लेफ्ट होतो. ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, त्यामुळे बाकीच्यांना गळती सहसा कळत नाही. गेल्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी ग्रुपच्या माहितीत असते. जोडणीनंतर दर रविवारी ती बघा. एकाच वस्तीतले चार-पाच जण एका आठवड्यात गेलेले दिसले तर त्यांतल्या एकाला फोन करा, मेसेज नव्हे.

मालकीचं आधी लिहून घ्या. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये. तेव्हा नावात पक्ष असलेल्या ग्रुपचा प्रश्न झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याने ग्रुप तयार केला त्याला इतर अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत. तो स्वतः सोडेपर्यंत अ‍ॅडमिनच राहतो. म्हणजे संस्थापक ज्या बाजूला गेला त्या बाजूला ग्रुप गेला. यावर तांत्रिक उपाय नाही. जोडलेल्या ग्रुपच्या नावात पक्ष आणि नेता नको, आणि सभासदांचे नंबर कोणत्याही उमेदवाराला द्यायचे नाहीत, एवढं सगळ्या संस्थापकांकडून आधी कबूल करून घ्या. नंबरांची यादी मागायला उमेदवाराची माणसं येतातच, बहुधा चहा पाजून.

कायद्याचा धाक नव्या अ‍ॅडमिनला फार दाखवला जातो. ‘६६ अ लावू’ अशी धमकी अजून ऐकू येते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून तो दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. पण दोन समाजांत तेढ वाढवणारा किंवा धार्मिक भावना दुखावणारा मजकूर (भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९) माहीत असूनही रात्रभर ठेवला, तर सकाळी ठाण्यात खुलासा देत बसावं लागतं. त्यासाठी रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत कोण जागं राहणार याची पाळी लावा. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे सभासद असतील तर त्यांच्यातलाच एक अ‍ॅडमिन करा. त्या वेळी तेच जागे असतात. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर बंद, हे सगळ्या ग्रुपवर एकाच वेळी जाहीर करा. एका ग्रुपवर बंद आणि दुसऱ्यावर चालू राहिलं की पक्षपाताचा आरोप आलाच.

१२ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि पाठोपाठ संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा, या दिवसांत ग्रुपला कुलूप लावायचा मोह होतो. लावू नका. कुलूप लावलं की अफवा दुसऱ्या ग्रुपवर जाते, जिथे ती कोणी खोडून काढत नाही. कुलूप फक्त निकालाच्या दिवशी, कल स्पष्ट झाल्यावर तीन तास. त्या तीन तासांत लिहिलेलं नंतर कोणालाच परत घेता येत नाही.

पहिले सहा आठवडे फक्त सूचना सामायिक ठेवा, चर्चा ज्या त्या घरात. सहा आठवड्यांनी शीट काढून बघा. काढलेल्या मेसेजपैकी बहुतेक एकाच ग्रुपचे असतील, तर त्या ग्रुपचे लोक वाईट असतात असं नाही. नियम बहुधा दुसऱ्या ग्रुपच्या सवयीवरून लिहिलेले असतात. ते पुन्हा लिहा. ‘बे’चा नियम बहुतेक ठिकाणी शेवटी असा होतो: ‘बे चालेल. ज्याला नको त्याने एकदा सांगितलं की त्याला नाही.’

आणि मोडायची वेळ आली तर तेही रीतीने. सात दिवस आधी कळवा, कारण एका वाक्यात, कोणाचं नाव न घेता. चालू असलेल्या हरकती निकालात काढा, शीटची प्रत दोन्ही ग्रुपना द्या, मग कम्युनिटी बंद करा. कम्युनिटी बंद केली तरी ग्रुप जसेच्या तसे राहतात, फक्त सामायिक सूचनांची जागा जाते. तिथे टाकलेले पत्ते, बैठकांच्या तारखा, मतदार यादीबद्दलच्या सूचना त्याआधी आपापल्या ग्रुपवर उतरवून घ्या.