वर्कशॉप चालू ठेवून चार दिवस सुट्टी कशी काढायची

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, ज्यांचं स्वतःचं शेड आहे त्यांना विचारा शेवटची सुट्टी कधी काढली, गणपतीत म्हणतील. गणपतीत कसली सुट्टी हो, पाच दिवस घरचा गणपती, मग मंडळाची वर्गणी, महाप्रसाद, विसर्जनाला रात्रभर उभं राहायचं आणि सुजलेल्या पायांनी परत मशीनवर. ती सुट्टी धरू नका.

माझं पण तसंच चाललेलं. मग एकदा घरच्यांना घेऊन आंबोलीला गेलो, बेळगावपासून सत्तरेक किलोमीटर, लांब पण नाही, आणि दोन दिवसातला निम्मा वेळ रेंज शोधत रस्त्यावर फिरलो. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, विचारतोय इन्सर्ट, कापायची टिप, संपलंय कुठनं आणू, टेम्पोवाला गेटवर थांबलाय, कोल्हापूरची पार्टी माल कधी म्हणून मागं लागलीय. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही हितं आलाय की उद्यमबागेतच हाय?" तिचं बरोबर होतं. गडबड आंबोलीत झालीच नव्हती, निघायच्या आधी महिनाभर जे करायला पाहिजे होतं ते मी केलं नव्हतं. आता काय करतो ते सांगतो, माझं सीएनसी जॉबवर्कचं आहे, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापून देतो, पण किराणा दुकान असो नाहीतर प्रेस, फार फरक पडत नाही.

सगळ्यात आधी वही करा. १५ दिवस कोण काय विचारायला येतो ते तिथल्या तिथं लिहायचं, फोनवर विचारलेलं पण. माझ्या वहीत हे सापडलं: कूलंटचा, मशीन थंड ठेवायच्या पाण्याचा, कॅन कुठला उघडू. बोअर, म्हणजे पार्टचं भोक, १५ मायक्रॉन जास्त गेलाय, पाठवू का ठेवू. हमालाला किती द्यायचे. उद्या हेस्कॉमची लाइट दिवसभर नाही म्हणे, पोरांना सेकंड शिफ्टला बोलावू काय. दोन पानं भरली आणि त्यात माझ्याशिवाय अडेल असं फक्त तीन-चार ठिकाणी होतं, बाकी सगळं अडायचं कारण इन्सर्टच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं पण, की अण्णाला, म्हणजे मला, विचारल्याशिवाय पान हलत नाही.

मग त्या वहीवरनं नियम करायचे, मोजकेच. किल्ली सेटरकडं. १०,००० रुपये कॅश त्याच्या हातात, एका वेळी २,००० पर्यंत मला विचारायचं नाही, बिल पिशवीत टाकायचं. दोन-चारशे इकडंतिकडं गेले तर जाऊ देत, तुमच्या एका दिवसाची किंमत त्याच्यापेक्षा जास्त आहे. ड्रॉइंगमधल्या मापाच्या बाहेर गेलेला पीस लाल पेटीत टाकायचा आणि पाठवायचा नाही, मी आल्यावर बघतो. सेटर कन्नड बोलणारा असेल तर नियम कन्नडमधे पण लिहून चिकटवा, आमच्यात निम्मी पोरं तशीच वाचतात.

तारखेचं नीट बघा. इथं लोक फसतात, कारण रिटर्न भरताना ओटीपी मालकाच्याच मोबाइलवर येतो. टीडीएस म्हणजे कापून घेतलेला टॅक्स ७ तारखेला, दर महिन्याला भरत असाल तर जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न ११ ला, कामगारांचं पीएफ-ईएसआय १५ ला, जीएसटीआर-३बी म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न २० ला, आणि महिन्याच्या सुरवातीला पगार. म्हणजे मोकळी जागा उरते २१ ते २८. तिमाहीवाल्यांनी आपल्या सीएला विचारून घ्या. आणि ई-वे बिलासाठी, म्हणजे माल नेताना गाडीबरोबर लागणाऱ्या ऑनलाइन कागदासाठी, आपला पासवर्ड देऊन बसू नका, पोर्टलवर सब-यूजर करता येतो, त्याच्या मोबाइलवर त्याचा ओटीपी जातो. आपल्या भागात हे लागतंच, कोल्हापूरकडनं मशिनिंगला कास्टिंग आलं तर किंमत ५०,००० च्या खाली असली तरी ई-वे बिल पाहिजे, मधे राज्याची हद्द आहे ना.

पार्ट्यांना आठवडाभर आधी स्वतः फोन करायचा, व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकून भागत नाही. "साहेब, २२ ते २५ मी नाही, डिस्पॅचला ह्या नंबरवर बोला" एवढंच. कुणी रागवत नाही. फोन लागला नाही की रागवतात.

त्याच्या आधी एक ट्रायल मात्र घ्याच. मी दुपारी मोबाइल बंद करून राजहंसगडावर गेलो, येळ्ळूरजवळच आहे, वर वारा खात बसलो आणि हात सारखा खिशाकडं. संध्याकाळी आलो तर एकच गोष्ट अडलेली, गेटपासवर सही कुणी करायची हे मी ठरवूनच दिलं नव्हतं. चार दिवसांच्या सुट्टीत हेच अडलं असतं तर टेम्पो रिकामा गेला असता.

जाताना मेन मोबाइल वर्कशॉपमधे ठेवा. बरोबर साधा फोन, नंबर तिघांनाच, आणि रोज संध्याकाळी सातला दहा मिनिटं तुम्हीच फोन करायचा. आग लागली, कुणाला लागलं तरच त्यांनी मधे फोन करायचा. पावसाळ्यात शनिवार-रविवार आंबोली नको, माणसांचीच जत्रा असते, मधल्या वारी जावा. मला तर आता जांबोटीच्या पुढं कणकुंबी आवडते, मलप्रभा तिथनंच निघते, रेंज येते-जाते आणि ते बरंच आहे. पहिला दिवस चिडचिड होणार, ती धरूनच चला, झोप दुसऱ्या रात्रीपासनं लागते.

परत आल्यावर थेट शेडमधे शिरू नका, आदल्या संध्याकाळी पोचा, सकाळी घरीच तुम्ही नसताना लिहिलेली वही मागवून वाचा आणि जेवून जावा. मागच्या खेपेला लाल पेटीत सात पीस होते, इन्सर्ट चारशे रुपये महाग आणलेलं, आणि कूलंटच्या प्रत्येक कॅनवर सेटरनं मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं, आधी कुठला, मग कुठला.