बिनमिठाचा क्रिओल मसाला आणि सोमवारचा राजमा

आम्ही अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला राहतो. इथे सोमवारी घरोघरी रेड बीन्स अँड राइस, म्हणजे आपला राजमा-भातच. ह्यांचं बीपी वाढल्यावर मी इथल्या क्रिओल स्वयंपाकातला मसाला बिनमिठाचा आणला: पॅप्रिका, केयेन मिरची, लसूण-कांद्याची पावडर, थाइम, ओरेगॅनो. पहिल्या सोमवारी चव लागेना म्हणून चमच्यावर चमचा टाकत गेले. अळणी ते अळणीच, वर केयेनचा जाळ! ह्यांनी पाणी पीत पीत निमूट ताट संपवलं.

मिठाची उणीव मी तिखटाने भरत होते, तिथेच चुकलं. आता कांदा, सेलरी, हिरवी ढोबळी मिरची तेलात लालसर होऊ देते, मग गॅस बारीक करून दोनच चमचे मसाला अर्धा मिनिट परतते (पॅप्रिका पटकन करपते आणि कडू लागते). थोडे शिजलेले दाणे पळीने पातेल्याच्या कडेला चिरडले की रस्सा दाट होतो. उतरवताना चमचाभर व्हिनेगर. त्या आंबटपणाने मिठाची आठवणच येत नाही. यात घालतात ते आंडूई सॉसेज (डुकराच्या मांसाचं, धुरावलेलं) मात्र बंद, त्यातच मीठ ठासून असतं.

मसाल्याच्या डब्यावर पोटॅशियम क्लोराइड (मिठाऐवजी घालतात तो खारट क्षार) लिहिलंय का तेही बघा. असेल आणि किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

परवा ह्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.