पक्ष्यांच्या दाण्यापाण्यावरच्या गांधीलमाश्या, मुंग्या आणि उंदीर

गड्डा यात्रा उरकली की सोलापुरातली थंडी ओसरते, आणि मार्च लागता लागता गच्च्यांवर, गॅलऱ्यांत पक्ष्यांच्या पाण्यासाठी मातीची परळं दिसू लागतात. आठवड्याभरात तक्रारही सुरू होते: चिमण्यांच्या आधी गांधीलमाश्याच येऊन बसतात, दाण्याला मुंग्यांची रांग लागते, अंधार पडला की उंदीर फिरतात. मग कुणी फवारा मारतं, कुणी परळच उचलून ठेवतं. दोन्ही करायची गरज नसते. ही मंडळी पक्ष्यांच्या मागे येत नाहीत. काहीतरी सांडलेलं असतं, गळत असतं किंवा रात्रभर तसंच पडलेलं असतं, त्याला येतात. म्हणून मारण्याआधी काय सांडतंय ते बघा.

गांधीलमाशी पाण्यावर का बसते

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा गांधीलमाशी परळावर येते ती मुख्यतः पाणी न्यायला. ते पाणी ती पोळ्यावर पसरते, त्याची वाफ होते आणि पोळं थंड राहतं. पोळ्याचा कागद बनवायला लाकडाचा भुसा चघळावा लागतो, त्यालाही पाणी लागतं. परदेशी पुस्तकांत ‘हिवाळा आला की वसाहत आपोआप संपते’ असं लिहिलेलं असतं, ते इथे धरून चालू नका. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं अभ्यासलेली रोपालिडिया मार्जिनाटा ही दक्षिण भारतातली नेहमीची तपकिरी गांधीलमाशी वर्षभर पोळी चालू ठेवते. शिवाय ती पिकावरच्या आणि बागेतल्या अळ्या पिलांना भरवते, म्हणजे कुंड्यांच्या दृष्टीने ती कामाचीच आहे.

तिला खोल पाणी नको असतं, उभं राहायला ओली जागा हवी असते. मातीचं परळ झिरपतं, त्याची बाहेरची कड कायम ओलसर असते, आणि नेमकी तीच तिची बैठक होते. उपायही यातूनच निघतो, आणि तो घरातच आहे: जुना सोलापुरी टॉवेल.

हातरुमालाएवढा टॉवेलचा तुकडा घ्या. साबणाचा अंश राहणार नाही असा साध्या पाण्यात तीनदा पिळून काढा. पसरट ताटलीत चार-सहा खडे मांडा, वर टॉवेलची घडी ठेवा आणि घडी अर्धी बुडेल इतकं पाणी घाला. आता बहुतेकांचं चुकतं ते इथे. ही ताटली लांब कोपऱ्यात ठेवून माश्या तिकडे जातील अशी वाट बघत बसू नका. माश्यांना जागा लक्षात राहते, भांडं नाही. म्हणून टॉवेलची ताटली परळाच्या जुन्या जागेवर ठेवा आणि पक्ष्यांचं परळ आठ-दहा मीटर पलीकडे, सावलीत हलवा. पक्षी नजरेने पाणी शोधतात, त्यांना नवी जागा एक-दोन दिवसांत कळते. हा बदल पहाटे, माश्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत करा. मधमाश्याही याच टॉवेलवर येतील, येऊ द्या.

टॉवेल वाळला तर सगळा खटाटोप फुकट जातो, माश्या तासाभरात परळावर परततात. सकाळी एकदा आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास एकदा पाणी घाला. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत आठ मीटर मिळणार नाहीत हे उघड आहे. तिथे टॉवेल गच्चीवर न्या, आणि गॅलरीत झिरपणाऱ्या मातीऐवजी चिनी मातीचं, आतबाहेर गुळगुळीत भांडं ठेवा. पाण्याची पातळी कडेपासून दोन सेंटिमीटर खाली ठेवा आणि बाहेरची बाजू पुसून कोरडी करा. स्टीलचं भांडं मात्र नको, उन्हात पाण्याला चटके बसतात.

साखरपाण्याची बाटली गळते कशी

शिंजिरासाठी, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या छोट्या पक्ष्यासाठी, साखरपाण्याची बाटली टांगायची टूम अलीकडे आली आहे. ही भांडी मुळात अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांसाठी (हमिंगबर्ड) बनवलेली आहेत, आणि गुंजन पक्षी भारतात नाहीत. खरं तर अंगणात जास्वंद, इक्झोरा किंवा हमेलिया लावलीत तर शिंजीर बाटलीविना येतो आणि माश्यांचा प्रश्नच राहत नाही. तरीही टांगायचीच असेल तर तिचं यंत्र समजून घ्या.

उलटी टांगलेली बाटली आतल्या हवेच्या दाबाच्या भरवशावर पाणी धरून ठेवते. बाटली अर्धी रिकामी झाली की वरच्या भागात हवा साठते. ऊन लागलं की ती हवा फुगते आणि पाणी खाली ढकलते, तोंडातून थेंब गळतात. त्या थेंबांवर गांधीलमाश्या, मधमाश्या आणि मुंगळे जमतात, रसवंतीच्या चरकाभोवती जमतात तसे. बाटली तुटलेली नसते, वायसर खराब नसतो, तरी ती गळते. लोक तोंड घट्ट करत बसतात आणि उपयोग होत नाही.

म्हणून उलटी बाटली नको, बशीसारखं बसकं भांडं घ्या, ज्याच्या झाकणाला वरून भोकं असतात. पाणी भोकाच्या खाली एक ते दीड सेंटिमीटर राहील एवढंच भरा. शिंजिराची चोच आणि जीभ तिथे पोहोचते, गांधीलमाशीचं तोंड पोहोचत नाही. भोकांभोवती पिवळी प्लॅस्टिकची फुलं असतील तर काढून टाका; पिवळा रंग माश्यांना खेचतो, लाल तितका खेचत नाही. घरी उलटी बाटलीच असेल तर ती गळ्यापर्यंत भरा, दिवसभर सावलीत टांगा आणि तळाशी उरलेलं पाणी दुपारपर्यंत राहू देऊ नका.

प्रमाण: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. विरघळेपर्यंत गरम करा, पूर्ण निववा. गूळ, मध, खायचा रंग यातलं काहीही घालू नका. मध आणि गुळाच्या पाण्यावर बुरशी लवकर धरते. आपल्याकडच्या उन्हात हे पाणी दिवसभरात आंबू लागतं, आणि आंबलेल्या वासाने माश्या लांबून येतात. रोज सकाळी फेका, भांडं गरम पाण्याने व ब्रशने धुवा, साबण वापरू नका. इतका व्याप रोज होणार नसेल तर टांगूच नका.

पपई, पेरू, डाळिंबाची फोड ठेवत असाल तर सकाळी सात ते दहा एवढाच वेळ. साल खाली येईल अशी फळी-खिळ्यावर रोवा म्हणजे रस जमिनीवर ओघळत नाही, आणि दहानंतर उचला.

मुंग्यांसाठी खंदक

जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी पद्धत आठवा. तीच इथे उलटी लावायची: दाणी, म्हणजे दाण्याचं भांडं, टांगलेली असते, म्हणून पाणी दाणीच्या वर टांगायचं.

सायकलचा एक जुना स्पोक, साधारण दहा सेंटिमीटर रुंदीची आणि चार-पाच सेंटिमीटर खोलीची प्लॅस्टिकची वाटी आणि एम-सीलची छोटी पुडी, इतकंच सामान. वाटीच्या तळाला मधोमध तापलेल्या खिळ्याने भोक पाडा. स्पोक त्यातून घाला, वाटी स्पोकच्या मध्यावर येऊ द्या आणि भोकाच्या दोन्ही बाजूंनी एम-सील दाबून लावा. चोवीस तास वाळू द्या. मग स्पोकची दोन्ही टोकं आकड्यासारखी वाकवा: वरचा आकडा फांदीला, खालच्याला दाणी. वाटी पाण्याने भरा, आणि दहा मिनिटांनी खाली थेंब येतो का पाहा. सील फुटतं ते बहुधा घाईने टोकं आधी वाकवल्यामुळे.

मे महिन्यात ही वाटी दुपारी कोरडी पडते, दोनदा भरावी लागते. पाण्यावर तेल किंवा रॉकेल टाकायचा मोह होईल, टाकू नका. पक्षी त्या वाटीतूनही पाणी पितात, आणि तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात. दांड्याला ग्रीस फासणंही याच कारणाने वर्ज्य. मुंग्यांचा खडू तर दाणीजवळ नकोच, त्यात कीटकनाशक असतं. खंदक भरलेला असूनही मुंग्या येत असतील तर दाणीला टेकलेलं पान किंवा फांदी शोधा, किंवा वाटीत पडलेली काडी. त्यांना तेवढाच पूल पुरतो.

उंदीर, घुशी आणि खार

उंदरांचा प्रश्न दाणीत नसून दाणीखाली असतो. चिमण्या दाणे निवडताना निम्मे उडवतात. त्यामुळे पहिली गोष्ट प्रमाणाची: चिमण्यांच्या छोट्या थव्याला सकाळी दोन मुठी ज्वारी किंवा बाजरी, तासाभरात संपेल इतकीच. संपत नसेल तर एक मूठ करा. संध्याकाळी दाणे घालू नका. ते पक्ष्यांना नव्हे, उंदरांनाच मिळतात. सूर्यास्ताआधी खालची जागा झाडून घ्या. खाली मोकळी माती असण्यापेक्षा फरशी बरी, झाडता येते आणि घुशीला बीळ काढता येत नाही.

दाणी खांबावर असेल तर खांबाला पाइपची टोपी बसवा. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप दोन फूट कापा, वरच्या टोकाला त्याचंच झाकण लावा, झाकणाला खांबाच्या जाडीचं भोक पाडा. हा पाइप खांबावर ओवून त्याचं खालचं टोक जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर येईल असा क्लॅम्पवर टेकवा. वरून बंद, खालून उघडा हे महत्त्वाचं: उंदीर खांबावरून चढत पाइपच्या आत शिरतो आणि वर वाट न सापडल्याने परत उतरतो. बाहेरच्या गुळगुळीत अंगावर त्याची नखं ठरत नाहीत. दाणीचा तळ किमान पाच फुटांवर, आणि भिंत, झाड, वाळत घालायची दोरी यांपासून सगळीकडून आठ-दहा फूट लांब. दोरी लोक हमखास विसरतात, आणि खार बरोबर तिथूनच येते.

विषारी वड्या टाकू नका. विष खाल्लेला उंदीर पिंगळा किंवा घुबड उचलतं आणि तेही मरतं, म्हणजे उंदीर मारणारा फुकटचा नोकर आपणच घालवतो.

दाण्याबद्दल आणखी एक. पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही घालू नका. त्याला औषध चोळलेलं असतं, गुलाबी-लाल रंगावरून ओळखू येतं. कीड मारायच्या गोळ्या ठेवलेल्या कोठीतलं धान्यही नको. साठवणीच्या ज्वारीत सोंडे झाले तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून, चाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या झडीत, ओले दाणे त्याच दिवशी काढून टाका, त्यांना बुरशी धरते.

पारव्यांना आवरायचं असेल तर दाणीभोवती ४० मिलिमीटर चौकटीच्या वेल्ड मेशचा पिंजरा करा आणि दाण्याची ताटली जाळीपासून सगळीकडून १२ सेंटिमीटर आत ठेवा. चिमणी, मुनिया आत जातात. पारवा, साळुंकी, कावळा बाहेर राहतात. होलाही बाहेर राहतो, ही या पिंजऱ्याची किंमत आहे.

परळातले डास

डेंग्यूचा डास घरच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ती पाण्यात तरंगत नसतात, पातळीच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही. परळ रोज रिकामं करा आणि आठवड्यातून एकदा नारळाच्या काथ्याने आतून घासून उन्हात वाळवा. मुंग्यांची वाटी आणि टॉवेलची ताटलीही त्याच दिवशी. नळाला रोज पाणी नसतं हे खरं, पण परळ चार-पाच सेंटिमीटर खोल असलं की पुरतं, आणि काढलेलं पाणी तुळशीला चालतं.

पोळं दिसलं तर

चिमण्यांसाठी लावलेल्या रिकाम्या खोक्यात, छज्ज्याखाली, दाणीच्या छपराच्या आतल्या बाजूला गांधीलमाशी एका बारीक देठावर पोळं लटकवायला सुरुवात करते. खोका लावण्याआधी त्याच्या छताला आतून कोरडी साबणाची वडी घासली तर देठ नीट चिकटत नाही. फक्त छतालाच घासा, तळाला नाही, आणि आत घरटं असेल तर काहीच करू नका. दर आठवड्याला बॅटरी मारून बघा. बोराएवढं, एक-दोन माश्यांचं पोळं असेल तर दिवे मालवून अंधारात, अंगभर कपडे घालून लांब काठीने पाडता येतं. त्याहून मोठं असेल, किंवा आग्या मोहोळ असेल, तर हात लावू नका. धूर, टेंभा, पाण्याचा फवारा हे तर अजिबात नको. माहितगार माणूस किंवा अग्निशामक दल बोलवा, आणि तोवर दाणी त्या बाजूने हलवा.

चावलंच तर आधी तिथून लांब जा. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने खरवडून लगेच काढा. गांधीलमाशीचा राहत नाही. साबणाने धुवा, बर्फ लावा. चुना लावा, लोखंड घासा असं सांगणारे भेटतील. पण ओठ-चेहरा सुजला, धाप लागली, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली तर त्यात एक मिनिटही घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. एकदम बऱ्याच माश्या चावल्या असतील तर त्रास होत नसला तरी जा.