राजवाड्याच्या अंतर्भागाचे डिजिटल दस्तऐवजीकरण कसे करावे

ऐतिहासिक राजवाड्याच्या दालनांची डिजिटल नोंद करायचे ठरले की बहुतेकदा चर्चा थेट यंत्रावर येते. त्याआधी ही नोंद पुढे कोण आणि कशासाठी वापरणार, हे लिहून काढावे. छताच्या तुळयांना बाक आला आहे का हे तपासायचे असेल, तर मिलिमीटरची अचूकता लागते. भित्तिचित्राचा रंग काही वर्षांनी किती उतरला हे पाहायचे असेल, तर मापाइतकाच रंगही काटेकोर नोंदवावा लागतो. जळालेले दालन पुन्हा उभे करता यावे हाही एक हेतू असतो, आणि १९९२ मध्ये विंडसर कॅसलला व २०१९ मध्ये जपानमधील शुरी राजवाड्याला लागलेल्या आगींनी तो किती खरा आहे हे दाखवून दिले आहे.

हेतू ठरला की बारकावा ठरवता येतो. नक्षीतील जो सर्वांत लहान तपशील दिसायला हवा, त्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी अंतरावर लेझर स्कॅनरचे, म्हणजे किरण फिरवून पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची जागा मोजणाऱ्या यंत्राचे, बिंदू पडले पाहिजेत. म्हणजे पाच मिलिमीटरच्या पाकळीसाठी सुमारे दोन मिलिमीटर. स्कॅनरवर दिसणारा आकडा ठरावीक अंतरासाठी असतो, हे येथे विसरू नये. दहा मीटरवर सहा मिलिमीटर असे अंतर निवडले असेल, तर पाच मीटरवर ते तीन होते आणि उंच घुमटाच्या माथ्याशी कितीतरी विरळ होते. त्यामुळे खालची भिंत दाट आणि छत विरळ अशी नोंद हाती येते, आणि राजवाड्यांत तर बरेचदा छतच सर्वांत मोलाचे असते.

मोजमापाचा कणा म्हणून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणारे सर्वेक्षण यंत्र) नियंत्रण बिंदूंचे, म्हणजे काटेकोर मोजलेल्या स्थिर खुणांचे, जाळे आधी आखून घ्यावे. ते दालनांतून, जिन्यावरून आणि शक्य असल्यास अंगणातून फिरून पुन्हा आरंभबिंदूवर मिटले पाहिजे, कारण मिटताना उरणारा फरकच चूक किती आहे हे सांगतो. स्कॅन केवळ एकमेकांवर जुळवून जोडत गेल्यास लांब दालनमालिकेत लहान लहान चुका साठत जातात; शिवाय एकसारख्या खांबांच्या किंवा समरूप दालनांच्या बाबतीत सॉफ्टवेअर चुकीची जागाही बिनदिक्कत जुळवून मोकळे होते. प्रत्येक उंबरठ्यावर एक स्कॅन घ्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंची दालने घट्ट बांधली जातात आणि भिंतीची जाडीही मिळते. स्कॅन जोडण्यासाठी खूण म्हणून ठेवायच्या लक्ष्यपट्ट्या जुन्या रंगावर किंवा गिलाव्यावर कधीही चिकटवू नयेत. त्या स्टँडवर ठेवाव्यात. लाकडी मजल्यावर चालणाऱ्याच्या वजनाने फळ्या हलतात आणि ट्रायपॉडही हलतो, म्हणून स्कॅन सुरू असताना कोणीही चालू नये. झुंबराचे लोलक आणि पडदे वाऱ्याने हलू नयेत यासाठी दारे-खिडक्या बंद ठेवणेही आवश्यक आहे.

आता खरी कसोटी. राजवाड्यांचे अंतर्भाग प्रकाश खेळवण्यासाठीच घडवलेले असतात, आणि लेझर स्कॅनर नेमका तेथेच फसतो. आमेरचा शीशमहाल घ्या किंवा ३५७ आरसे असलेले व्हर्साय येथील आरसेदालन घ्या. लेझरचा किरण आरशावर आदळून वळतो आणि समोरच्या झुंबरावर पोहोचून परततो. यंत्राला मात्र वळण कळत नाही, म्हणून ते झुंबर सरळ रेषेत भिंतीपलीकडे उभे करते. पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे मोजलेल्या बिंदूंच्या त्रिमितीय संचात, भिंतीच्या मागे असे एक अख्खे खोटे दालन तयार होते. ते ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे क्लाउडचा आडवा छेद घेऊन शेजारच्या दालनाच्या स्कॅनशी ताडून पाहणे: तेथे बोळ असेल, तर झुंबर असू शकत नाही. हे बिंदू पुसताना आरशाची चौकट आणि काचेची पातळी टोटल स्टेशनने वेगळी मोजून ठेवावी. चकाकी घालवणारे फवारे ऐतिहासिक पृष्ठभागावर अजिबात वापरू नयेत. आरसा तात्पुरता झाकायचाच असेल, तर संवर्धकाच्या संमतीने आणि काचेला स्पर्श न करता झाकावा.

रंग आणि बारीक नक्षी यांसाठी फोटोग्रॅमेट्री, म्हणजे छायाचित्रांवरून माप घेण्याची पद्धत, अधिक उपयोगी पडते. १८५८ मध्ये वेट्झलारच्या कॅथेड्रलचे हाताने मोजमाप घेताना पडता पडता वाचलेल्या जर्मन वास्तुविशारद आल्ब्रेख्त मायडेनबाउअर यांना छायाचित्रावरून माप घेण्याची कल्पना सुचली, आणि ती आजही तितकीच कामाची आहे. एकाच लेन्सने, फोकस न बदलता, शेजारच्या छायाचित्रांत सुमारे ७० ते ८० टक्के भाग सामाईक राहील अशी छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत. प्रत्येक दालनात, आणि प्रकाश बदलला की पुन्हा, रंगपट्टी ठेवून एक छायाचित्र घ्यावे. चकाकी टाळण्यासाठी दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात ध्रुवीकरण फिल्टर लावतात. मात्र त्यामुळे सोन्याचा मुलामा काळपट दिसू लागतो, म्हणून मुलाम्याच्या कामाची फिल्टरसह आणि फिल्टरविना अशी दोन्ही छायाचित्रे घ्यावीत. जुने कापड आणि जलरंग प्रकाशाने फिके पडतात, तेव्हा दिवे गरजेपुरतेच चालू ठेवावेत.

फोनमधील लायडार (लेझरने अंतर मोजणारा संवेदक) किंवा हातात धरून चालत वापरायचे स्कॅनर अरुंद जिने, पोटमाळे आणि सेवकांचे बोळ यांसाठी सोयीचे आहेत. त्यांच्या भरवशावर मुख्य दरबाराचे माप मात्र घेऊ नये.

कपाटामागे, कमानीच्या वरच्या कंगोऱ्यावर, झुंबराच्या मागे यंत्राची नजर पोहोचत नाही. सॉफ्टवेअर अशी छिद्रे गुळगुळीत पृष्ठभागाने भरून देते, आणि मॉडेल देखणे दिसते. परंतु शंभर वर्षांनी तो पृष्ठभाग मोजलेला होता की कल्पिलेला, हे कोणालाही कळणार नाही. म्हणून मूळ नोंदीत छिद्र छिद्रच राहू द्यावे, आणि भरलेले मॉडेल हवे असल्यास ते स्वतंत्र फाइलीत, भरलेला भाग वेगळ्या रंगाने दाखवून करावे. गिलाव्याखाली जुन्या रंगाचा थर डोकावतो, एखादी फळी नंतर बसवलेली वाटते, अशी निरीक्षणे वहीत जागच्या जागी लिहून त्यांना दालन क्रमांक द्यावा. हे पॉइंट क्लाउडमधून नंतर सापडत नाही.

शेवटी आराखडे, छेदचित्रे, छताचे नकाशे आणि भिंतींच्या मापनक्षम प्रतिमा तयार कराव्यात, कारण दुरुस्ती करणारा कारागीर त्याच वापरतो. मूळ स्कॅन कंपनीच्या स्वरूपाबरोबरच खुल्या ई-५७ स्वरूपात, आणि प्रतिमा टिफमध्ये जतन कराव्यात. प्रत्येक संचासोबत दिनांक, उपकरण, सेटिंग, जोडणीतील उरलेली चूक आणि न मोजलेल्या जागांची यादी असलीच पाहिजे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. मौल्यवान वस्तूंच्या जागा आणि गुप्त वाटा दाखवणाऱ्या फाइली मात्र सार्वजनिक संचातून वगळाव्यात. ठरावीक कालावधीने फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि त्यांचे स्वरूप कालबाह्य होऊ लागले की लगेच नव्या स्वरूपात उतरवून घ्यावे.