दुबईत शिकवायला जाताय? आधी घराच्या चेकचं बघा

डिग्री अटेस्ट (म्हणजे सरकारी शिक्क्यांनी प्रमाणित) झालीये, शाळेने व्हिसाची प्रोसेस सुरू केलीये, असं धरून चालते. एवढंच सांगते की व्हिसा आणि रिक्रूटमेंटचा खर्च तिथल्या कायद्याने शाळेनेच करायचा असतो, कुणी एजंट तो तुमच्याकडून मागत असेल तर तिथूनच मागे फिरा.

आता घर. "दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे जवळ ठेवा" हा सल्ला सगळेच देतात आणि दुबईसाठी तो अगदी निरुपयोगी आहे. कारण तिथे भाडं महिन्याचं नाही, वर्षाचं सांगतात आणि ते आगाऊ चेकने द्यायचं असतं, एक, दोन, चार, कधी सहा चेक, पहिला लगेच वटणारा आणि बाकीचे पुढच्या तारखांचे. चेक जितके कमी तितकं भाडं थोडं कमी होतं, त्यामुळे घराचा एजंट तुम्हाला एक-दोन चेककडेच ढकलतो. आणि तुमचा हाउसिंग अलाउन्स? तो येतो दर महिन्याच्या पगारातून, तोही पहिला महिना संपल्यावर. मी गेले तेव्हा याच टप्प्यावर पार अडकले होते. अलाउन्स कागदावर भरपूर दिसत होता, पण घरमालकाला तीन महिन्यांचं भाडं एकदम हवं होतं आणि माझ्याकडे चेकबुकच नव्हतं, कारण चेकबुकसाठी बँक खातं, खात्यासाठी एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, आणि आयडीसाठी मेडिकल, बायोमेट्रिक असं सगळं एकामागून एक व्हावं लागतं.

हिशोब करून दाखवते. समजा वर्षाचं भाडं 60,000 दिरहम आणि चार चेक ठरले. पहिला चेक 15,000. डिपॉझिट साधारण 5 टक्के म्हणजे 3,000, फर्निश्ड असेल तर 10 टक्के. एजंटचे 5 टक्के आणि त्यावर व्हॅट, 3,150. डेवाचं, म्हणजे तिथल्या सरकारी वीज-पाणी कंपनीचं, डिपॉझिट फ्लॅटसाठी 2,000. इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, साधारण दोन-सव्वादोनशे. झाले तेवीस हजारांच्या वर, आणि घरात अजून गादीसुद्धा नाही. अनफर्निश्ड घरात शेगडी, फ्रिज, वॉशिंग मशीनही बऱ्याचदा नसतात, ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

म्हणून माझं ठाम मत, ही लढाई ऑफर लेटरवर सही करायच्या आधी लढायची. एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: पहिले काही आठवडे राहायची सोय शाळा करणार का, हाउसिंग अ‍ॅडव्हान्स देणार का (पुढे पगारातून कापून घेतात, चालतं), आणि मी मध्येच नोकरी सोडली तर त्या अ‍ॅडव्हान्सचं काय. "इथे आल्यावर बघू" या उत्तरावर अजिबात समाधान मानू नका, तुम्ही तिथे उतरल्यावर तुमची बाजू लंगडीच असते. शाळेची शेअरिंगची खोली मिळत असेल तर निमूट घ्या. कितीही छोटी असली तरी घ्या, प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात वर्षभराच्या करारावर सही करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आणि पुढच्या तारखेचे चेक हलक्यात घेऊ नका. 2022 पासून नुसते खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर आधीसारखी सरळ फौजदारी केस होत नाही, हे खरं, पण त्यावर निर्धास्त होणाऱ्यांना पुढचं माहीत नसतं. बँक खात्यात असतील तेवढे पैसे घरमालकाला देते आणि उरलेल्यासाठी तो थेट एक्झिक्युशन कोर्टात, म्हणजे वसुलीची अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टात, जाऊ शकतो. प्रत्येक चेकची तारीख पगार जमा झाल्यानंतरची टाकून घ्या, घरमालक कुरकुर करतो पण बहुतेक वेळा ऐकतो. चेक मालकाच्याच नावाने, एजंटच्या नावाने कधीच नाही, आणि कॅश तर नाहीच. एजंटचा परवाना आणि घर खरंच कुणाच्या नावावर आहे हे दुबई रेस्ट या सरकारी मालमत्ता अ‍ॅपवर तपासता येतं, ते केल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. करार मध्येच मोडला तर किती महिन्यांचं भाडं जाणार हेही त्यातच लिहून घ्या, ते तोंडी ठेवलं की भांडण ठरलेलं.

एरिया निवडताना आधी शाळेच्या स्टाफ बसचा रूट मागा, मग घरं बघा. अल कुसैस, अल नाहदा, करामा इकडे आपली माणसं भरपूर आहेत आणि मेट्रोही आहे. शेजारच्या शारजात भाडं कमी म्हणून बरेच जण तिकडे बघतात, पण सकाळी शारजाहून दुबईत येणारा ट्रॅफिक भयंकर असतो आणि शिक्षकाला पहिल्या तासाला उशीर करून चालत नाही, त्यामुळे बसचा थांबा अगदी दारात असेल तरच. पार्टिशन टाकलेल्या खोल्यांच्या वाटेलाही जाऊ नका, त्या बेकायदेशीर आहेत आणि तपासणी झाली की सामानासकट बाहेर.

डेवा ऑनलाइन होतं, इजारी झाली की लगेच. बिलात भाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी बारा हप्त्यांत येते, वरच्या उदाहरणात महिन्याला 250, ती धरूनच बजेट करा. एसीचं बिल डेवात येतं की वेगळ्या कूलिंग कंपनीकडून, हेही विचारा, वेगळं असेल तर त्याचं डिपॉझिट पण वेगळं. नवरा-बायको, मुलं मागून येणार असतील तर त्यांच्या व्हिसासाठी इजारी लागतेच, तुमच्याच नावाची करून घ्या.

चावी मिळाल्याच्या दिवशी, सामान आत न्यायच्या आधी, प्रत्येक भिंत, बाथरूमच्या फरशा, एसीची जाळी, किचनच्या कपाटांची आतली बाजू, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. व्हॉट्सअ‍ॅप नको, ईमेलच, घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला निघाला की तारखेसकट तोच ईमेल पुढे करायचा.